एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणांचे हृदय: धोका कधीपासून मोजायचा?

एप्रिल २००४ मध्ये भारत सरकारने एचआयव्हीवरची एआरटी औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या काळात आईकडून एचआयव्हीचा संसर्ग झालेले बाळ शाळेत जाण्याइतके तरी मोठे होईल का, याची घरच्यांना खात्री नसे. त्या पिढीतली कितीतरी मुले आज विशी ओलांडून गेली आहेत. त्यांतली काही घरीच आजी-आजोबांकडे वाढली. काहींना पंढरपूरची पालवी, हासेगावचे सेवालय, पुण्याचे मानव्य अशा संस्थांनी आधार दिला. आज ती शिकत आहेत, नोकऱ्या करत आहेत, लग्ने करून संसाराला लागली आहेत.

औषधांनी त्यांना वाचवले. आता पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्यांनी चांगल्या प्रकृतीने जगावीत, ही आपली जबाबदारी आहे आणि तिथे हृदयाचा प्रश्न समोर येतो. या लेखाचे सांगणे एकच आहे: एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणाच्या हृदयाचा हिशोब त्याच्या वयावरून मांडू नये. संसर्ग कधी झाला, उपचार कधी सुरू झाले आणि मधली किती वर्षे विषाणू रक्तात मोकळा होता, यावरून तो मांडावा. हा धोका बराचसा टाळता येतो. मात्र त्यासाठी चाळिशीची वाट पाहून चालणार नाही.

धोका किती?

एचआयव्ही असलेल्या व्यक्तींना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यातून हे दिसले.

‘दुप्पट’ वाचून घाबरून जाऊ नये. वयाच्या पंचविशीत झटका येण्याची शक्यता मुळात फार थोडी असते आणि थोड्याची दुप्पट म्हणजेही थोडेच. पण हृदयविकार अचानक उगवत नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय अवघे २२ होते, तरी ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत विकाराच्या खुणा सापडल्या. म्हणजे पन्नाशीत येणाऱ्या झटक्याची सुरुवात बहुधा विशीतच झालेली असते. एचआयव्ही ही सुरुवात आणखी अलीकडे आणतो आणि पुढची वाटचाल जलद करतो.

त्यात आपण दक्षिण आशियाई. ‘इंटरहार्ट’ या बहुदेशीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ आढळले, तर इतर देशांत ते जवळपास ५९ होते. एचआयव्ही नसतानाही आपल्याकडे हृदयविकार पाच-सहा वर्षे आधी गाठतो. दोन्ही गोष्टी एकाच शरीरात असतील, तर सावधपणा लवकर सुरू करायला हवा हे ओघाने आलेच.

विषाणू रक्तवाहिनीत काय करतो?

एचआयव्ही सीडीफोर या रोगप्रतिकारक पेशींवर हल्ला करतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. या पेशींचा मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच तो मोठ्या प्रमाणावर नष्ट होतो आणि अस्तर कमकुवत होते. मग आतड्यातल्या जिवाणूंचे अंश थोडे थोडे रक्तात झिरपत राहतात. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यामुळे कायम खडबडून जागी राहते. या अवस्थेला डॉक्टर दीर्घकालीन दाह म्हणतात. त्यात ताप नसतो, सूज दिसत नाही, कुठे दुखतही नाही.

या दाहाचा फटका रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक आवरणाला बसतो. तिथून कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्यामागे जातात, ते गिळून फुगतात आणि तिथेच अडकतात. असा थर साचत जातो. एचआयव्ही असलेल्यांमध्ये हा थर बऱ्याचदा कॅल्शियम न साचलेला, मऊ प्रकारचा असतो आणि असा मऊ थर फुटण्याचा धोका जास्त असतो. दुधावरच्या सायीसारखे त्याचे वरचे पातळ आवरण फाटले, की तिथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाचा रक्तपुरवठा अडतो.

एआरटी नियमित घेतल्यावर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, इतका खाली जातो की तपासणीत विषाणू सापडत नाही. दाहही बराच कमी होतो, पण पूर्ण मावळत नाही. म्हणूनच ‘रिपोर्ट चांगला आहे’ असे ऐकल्यावरही हृदयाकडे लक्ष ठेवावे लागते.

जन्मापासूनचा संसर्ग आणि तारुण्यात झालेला संसर्ग

या दोन गटांची परिस्थिती वेगळी आहे.

जन्मतः संसर्ग झालेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या पहिल्या दिवसापासून दाहात वाढलेल्या असतात. लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय उपचार कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्यांपैकी अनेकांची पहिली काही वर्षे औषधाविना गेली. एआरटी येण्याआधी अशा मुलांत हृदयाचे स्नायू अशक्त होणे, हृदयाची पंप करण्याची ताकद घटणे असे विकार वारंवार दिसत. औषधांमुळे ते पुष्कळ कमी झाले. तरीही या मुलामुलींच्या सोनोग्राफीत मानेतल्या मुख्य रक्तवाहिनीची भिंत जाड झालेली किंवा रक्तवाहिन्या वयाच्या मानाने ताठर झालेल्या अनेक अभ्यासांत आढळल्या आहेत. अमेरिकेत जन्मतः एचआयव्ही असलेल्या १५ वर्षांवरील मुलामुलींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, वजन, धूम्रपान यांवरून काढलेला हृदयवाहिन्यांच्या धोक्याचा अंक त्यांतल्या जवळपास निम्म्या जणांत वाढलेला निघाला.

तारुण्यात संसर्ग झालेल्यांचे बालपण या दाहापासून मुक्त गेलेले असते, ही त्यांची जमेची बाजू. २०१७ पासून आपल्याकडे सीडीफोर कितीही असो, निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. लवकर तपासणी झाली तर विषाणूला नुकसान करायला फार अवधी मिळत नाही. अडचण येते ती तपासणीच उशिरा होण्याची. भीतीपोटी किंवा आपल्याला कशाला होईल या समजुतीने वर्षे निघून जातात आणि तेवढी वर्षे रक्तवाहिन्या सोसत राहतात.

औषधांचा वाटा

‘एआरटीने हृदय बिघडते’ असे कानावर येते. त्यातले खरे किती, हे नीट समजून घ्यायला हवे.

जुन्या औषधांचे दुष्परिणाम खरेच मोठे होते. स्टॅव्ह्युडिनमुळे गाल बसत, हातपाय काटकुळे होत, पोटावर चरबी साठे आणि रक्तातली चरबी वाढे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला आणि नंतर आपल्याकडेही ते बंद झाले. लोपिनाविर-रिटोनाविर या जोडीने ट्रायग्लिसराइड वाढतात. आज तिशीच्या आसपास असलेल्या अनेकांनी लहानपणी ही औषधे घेतली आहेत. त्यामुळे पूर्वी कोणती औषधे चालू होती याची नोंद हृदयाच्या हिशोबात महत्त्वाची ठरते.

अबाकाविर घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका अधिक दिसल्याचे २००८ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने दाखवले आणि पुढच्या काही अभ्यासांतही तसेच दिसले. लहान मुलांना हे औषध आजही दिले जाते, कारण त्यांच्यासाठी ते सोयीचे आहे. मूल मोठे झाले, वजन ३० किलोपर्यंत पोचले आणि किडनी ठीक असेल, तर साधारणपणे टेनोफोविर असलेली गोळी सुरू होते. तसा बदल झाला नसेल, तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही.

सध्या बहुतेकांना मिळते ती टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी. रोज एकच घ्यावी लागते आणि चरबीच्या दृष्टीने ती जुन्या औषधांपेक्षा चांगली आहे. तिच्याबाबत लक्ष ठेवायचे ते वजनावर. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘ॲडव्हान्स’ या चाचणीत डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांचे, त्यातही स्त्रियांचे, वजन ठळकपणे वाढलेले दिसले. अशक्त झालेला माणूस सुधारतो तेव्हा वजन वाढणारच आणि ते चांगलेच असते. पण सुधारल्यानंतरही काटा चढतच राहिला आणि पोटाचा घेर वाढला, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. वजनाच्या भीतीने गोळी मनाने बंद करणे मात्र फार महागात पडते.

गोळ्या थांबवल्या तर हृदयाचे काय होते?

याचे उत्तर ‘स्मार्ट’ या चाचणीने २००६ मध्ये दिले. तिच्यात ३३ देशांतले ५,४७२ जण होते. अर्ध्यांना औषध अखंड दिले. उरलेल्यांना सीडीफोर चांगले असेपर्यंत सुट्टी आणि ते खाली आले की पुन्हा औषध, असे केले. सुट्टीमुळे दुष्परिणाम टळतील, हृदयाला विसावा मिळेल, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. मधे मधे औषध थांबवणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. हृदय, किडनी आणि यकृताचे गंभीर आजारही जास्त झाले. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. औषध थांबल्यानंतर महिन्याभरातच रक्तातली दाहाची आणि गुठळ्या होण्याच्या प्रवृत्तीची लक्षणे वाढली होती.

तरुणांमध्ये गोळ्या चुकण्याची कारणे वेगळी असतात. वसतिगृहातल्या खोलीत डबी कुठे लपवायची? नव्या नोकरीत दर वेळी रजा कशी मागायची? प्रेमात पडल्यावर सांगायचे कसे? आणि लहानपणापासून रोज गोळी घेऊन आलेला शुद्ध कंटाळा. ही कारणे खरी आहेत, त्यावर रागावून उपयोग नाही. समुपदेशकाशी मोकळे बोलले तर वेळ बदलणे, एकदम जास्त महिन्यांचा साठा मिळवणे, कामाच्या गावाजवळच्या केंद्रात नाव हलवणे असे मार्ग निघू शकतात. रोजची गोळी हेच या तरुणांचे हृदयासाठीचेही पहिले औषध आहे.

याद्यांच्या बाहेर राहिलेले वय

आता खरी अडचण. हृदयाचा धोका मोजण्याची जगात सर्वाधिक वापरली जाणारी गणिते चाळिशीपासून पुढची आहेत. आपल्या देशात रक्तदाब आणि मधुमेहाची सरसकट तपासणी तिशीपासून पुढे होते. ‘रिप्रीव्ह’ या चाचणीत एचआयव्ही असलेल्या ७,७६९ जणांवर पिटाव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या, कोलेस्टेरॉलच्या गोळीचा अभ्यास झाला. भारतासह १२ देश त्यात होते. प्रचलित गणितांनी ज्यांचा धोका फारसा नाही असे सांगितले होते, अशांतही या गोळीने हृदयाच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी केल्या. २०२३ मध्ये आलेला हा निकाल मोठा दिलासा देणारा आहे. पण त्यात घेतलेले लोक ४० ते ७५ वयाचे होते.

म्हणजे जन्मापासून विषाणू सोसलेली २४ वर्षांची मुलगी या सगळ्या याद्यांच्या बाहेर राहते. तिच्या रक्तवाहिन्यांनी चोवीस वर्षांचा दाह पाहिला आहे, पण कागदावर ती तरुण, म्हणून निर्धोक! चाळिशीखालच्या सगळ्यांनाच स्टॅटिन द्यावे, असे आजचे शास्त्र सांगत नाही. गर्भधारणेच्या काळात ही गोळी टाळायची असते, हेही तरुण स्त्रियांच्या बाबतीत लक्षात ठेवावे लागते. कोलेस्टेरॉल फार वाढलेले असेल, मधुमेह असेल किंवा घरात कमी वयात झटका आल्याचा इतिहास असेल, तर डॉक्टर त्या व्यक्तीपुरता निर्णय घेतात. बाकीच्यांसाठी मोजणे, लिहून ठेवणे आणि सवयी सांभाळणे हे उपाय आहेत आणि ते आजच सुरू करता येतात.

काय मोजायचे, कसे मोजायचे?

*रक्तदाब:* एआरटी सेंटरच्या प्रत्येक भेटीत बघावा. रांगेतून उठून धापा टाकत आल्याबरोबर पट्टा बांधला, तर आकडा चुकतो. आधी पाच मिनिटे शांत बसावे. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये. पाठ टेकलेली, दोन्ही पावले जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला असावा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडावर लहान पट्टा बसवला तर दाब खोटाच जास्त दिसतो. बोलू नये. एक-दोन मिनिटांनी दुसऱ्यांदा मोजावे. १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. प्रौढांत वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा अधिक भरला तर तो उच्च रक्तदाब. तेरा वर्षांवरच्या मुलामुलींत पुन्हा पुन्हा १३०/८० च्या वर जात असेल, तर तेव्हाच डॉक्टरांशी बोलावे.

*कंबर आणि वजन:* शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावा, श्वास सोडून मोजावे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर या मर्यादा भारतीयांसाठी धरल्या जातात. बीएमआय २३ च्या पुढे गेला की आपल्यासाठी ते जास्त वजन.

*साखर:* उपाशीपोटी १०० च्या आत असावी. १२६ किंवा अधिक दोनदा आली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी एचआयव्ही असलेल्यांत कधी कधी खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणून उपाशीपोटीची साखर सोबत बघावी.

*चरबीची तपासणी:* लिपिड प्रोफाइल उपचार सुरू करताना आणि पुढे शक्य तर वर्षातून एकदा. औषधांचा संच बदलला तर त्यानंतरही.

हे आकडे एकाच वहीत तारखेसह लिहावेत. तीन वर्षांत रक्तदाब ११० वरून १२८ वर सरकला, तर एकेक आकडा पाहून कोणाला काही वाटत नाही. ओळीने वाचल्यावर कल कळतो.

तंबाखू, ताट आणि हालचाल

सगळ्यांत मोठा फायदा तंबाखू सोडण्याने होतो. डेन्मार्कमध्ये नीट उपचार मिळणाऱ्या एचआयव्हीग्रस्तांचा अभ्यास झाला. त्यात धूम्रपानाने आयुष्याची सुमारे १२ वर्षे घेतली आणि एचआयव्हीने सुमारे ५. उपचार मिळत असतील तर विषाणूपेक्षा सिगारेट अधिक घातक ठरते, हाच त्याचा अर्थ. आपल्याकडे बिडी-सिगारेटबरोबर चुन्याची तंबाखू, गुटखा आणि मिसरीही आहे. ‘ओढत नाही, नुसती मिसरी लावते’ असे म्हणून सुटका होत नाही. निकोटिन रक्तात जातेच. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

ताटाबद्दल एक जुनी सवय मोडायला हवी. पूर्वी एचआयव्ही म्हणजे खंगणे, म्हणून तूप, साखर, तळलेले भरपूर खाऊ घालण्याचा सल्ला घरोघर पाळला गेला. वजन सावरलेल्या तरुणाला आता तो लागू नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, अंडी, मासे हे आपले नेहमीचे जेवणच चांगले. कमी करायचे ते वडापाव, फरसाण, बेकरीचे पदार्थ आणि गोड पेये. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. पापड, लोणचे, ठेचा यांतले मीठही त्यात धरायचे.

हालचालीचे प्रमाण सोपे आहे: १७ वर्षांपर्यंत रोज तासभर, त्यानंतर आठवड्याला किमान १५० मिनिटे. भरभर चालणे, सायकल, कबड्डी, नाच, काहीही चालेल. एचआयव्ही आहे म्हणून मुलाला मैदानापासून दूर ठेवू नये.

मनही यात येते. सततचे दडपण आणि नैराश्य यांनी गोळ्या चुकतात, व्यसने वाढतात. झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही सेंटरवर सांगण्याचेच दुखणे आहे.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना

अनेक जण हृदयरोगतज्ज्ञांना एचआयव्हीबद्दल सांगत नाहीत. भीती समजण्यासारखी आहे, पण औषधांचा मेळ बिघडला तर धोका होतो. रिटोनाविर चालू असताना सिम्व्हास्टॅटिन घेतले तर ते रक्तात प्रमाणाबाहेर वाढून स्नायूंना इजा करते. डोल्युटेग्राविरमुळे मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण वाढते, म्हणून त्याचा डोस बेतून द्यावा लागतो. लोह, कॅल्शियम किंवा अँटासिडच्या गोळ्या डोल्युटेग्राविर शोषू देत नाहीत. त्या घेण्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तास अंतर ठेवून एआरटीची गोळी घ्यावी.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्हीमुळे उपचार नाकारणे किंवा भेदभाव करणे त्याने बेकायदा ठरवले. संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करण्यालाही त्यात मनाई आहे. अडचण आल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते.

या खुणा दिसल्या तर थांबू नये

छातीत दाब किंवा आवळल्यासारखे दुखणे, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, अचानक दम लागणे, शुद्ध हरपणे. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे. वय पंचवीस असले तरी ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी बसू नये. १०८ ला फोन करावा. चालताना हळूहळू वाढणारा दम, पायांवर सूज, आडवे झाल्यावर गुदमरणे यांचीही तपासणी हवी. आपल्याकडे क्षयरोगामुळे हृदयाच्या आवरणात पाणी होते, तेव्हाही अशी लक्षणे दिसतात आणि त्यावर उपचार आहेत.

सेंटरवर काय बदलता येईल?

तरुण मुले-मुली औषधासाठी एआरटी सेंटरवर येतातच. इतक्या नियमाने दवाखान्यात येणारा दुसरा तरुण गट क्वचितच असेल. त्यामुळे त्यांच्यासाठी नवे केंद्र उभारायची गरज नाही. रक्तदाबाचे यंत्र, दोन मापांचे पट्टे, एक टेप, वजनकाटा आणि नोंदीसाठी एक पान एवढ्यावर कामाची सुरुवात होते. साखर आणि चरबीच्या तपासण्या वर्षातून एकदा त्याच रक्ताच्या नमुन्यासोबत होऊ शकतात. तिशीची अट या गटासाठी सोडून द्यावी आणि किशोरवयापासून ही नोंद ठेवावी, ही मागणी रास्त आहे. रुग्णांच्या संघटनांनी, डॉक्टरांनी आणि संस्थाचालकांनी ती लावून धरायला हवी.

तोपर्यंत प्रत्येक तरुणाच्या हातात एक गोष्ट आहे. पुढच्या भेटीत गोळ्या घेताना सरळ विचारावे: माझा रक्तदाब किती, कंबर किती, साखर किती? आकडे तिथल्या तिथे वहीत उतरवावेत आणि त्यापुढच्या भेटीत तीच वही डॉक्टरांसमोर ठेवावी.